चिरंजिवांच्या आयुष्याचं केंद्र

आमचे चिरंजीव देश सोडून निघाले ते काही उपाशी मरत होते म्हणून नव्हे. उपाशी माणूस निघतो तेव्हा त्याच्या हातात बोचकं असतं. चिरंजिवांच्या हातात कॉफीच्या मशीनचा कॅटलॉग होता. नव्या घरात कोणत्या रंगाचं मशीन शोभेल यावर नवरा-बायकोचा आठवडाभर खल चालला होता, आणि मला बातमी कळली ती अशी, की मशीन करड्या रंगाचं ठरलं आहे आणि आपण सगळे चाललो आहोत.

"कुठे?" मी विचारलं.

"बाहेर. कायमचं," चिरंजीव म्हणाले. "तिकडे टॅक्स नाही, आई. आणि लाइफ आहे."

लाइफ म्हणजे काय हे मला कुणी सांगू नये. सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून मी जन्म काढला. गल्लीत मला अजून सगळे सिस्टरबाईच म्हणतात. माझ्या वॉर्डचा एक नियम अख्ख्या इस्पितळाला माहीत होता. संध्याकाळची घंटा झाली की भेटायला आलेले सगळे बाहेर. काका, मामा, आजोबा, नगरसेवक, कुणीही असो. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरांच्या मेहुण्याला मी हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवला होता. राहायची फक्त आई. आई भेटायला आलेली नसते. ती खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायची आणि तिला हलवायची कुणाची टाप नव्हती.

त्याच इस्पितळात चिरंजीव जन्मले. कावीळ झाली तेव्हा त्याच वॉर्डात महिनाभर होते. पुढे सरकारी शाळा, सरकारी कॉलेज, सरकारच्या औद्योगिक वसाहतीत सवलतीची जागा, त्यावर पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. खोकी चांगली बनवतात, खोटं कशाला बोलू? कुणाच्या चपला, कुणाची औषधं, कुणाचे पंखे, सगळं आमच्या खोक्यांत भरून जातं. कारखाना वाढला, गाड्या वाढल्या, पोट वाढलं. आणि एक दिवस जेवता जेवता चिरंजीव म्हणाले, "या देशाने मला काय दिलं?"

"पोलिओचे डोस," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं, आई विनोद करते आहे.

मग घरी सल्लागार येऊ लागला. श्रीमंतांनी देश कसा सोडावा हे सांगायचाच त्याचा धंदा. मोजे न घालता बूट घालायचा आणि दर वाक्याला "सर" म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्याने आमचं घर खालीवर फिरून बघितलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. आमचे हे वीज मंडळात वायरमन होते. कर्ज काढून त्यांनी हे घर बांधलं आणि त्यातलं एकेक बटण स्वतःच्या हाताने बसवलं. सल्लागार वरच्या खोलीत शिरला, चिरंजिवांच्या पलंगाकडे बघितलं, मोरीतला दाढीचा ब्रश बघितला, आणि गोवर उठलेल्या पोराकडे बघावं तसा चेहरा केला.

"सर, हे चालणार नाही. याला उपलब्ध घर म्हणतात. तुम्ही केव्हाही येऊन झोपू शकता असं घर इथे असलं, तर आयकर खातं म्हणणार, तुम्ही गेलातच कुठे? घर नको, पलंग नको, दारावर तुमच्या नावाची पाटी तर अजिबात नको."

"मग विकून टाकतो," चिरंजीव म्हणाले. कसे, तर रद्दी विकून टाकतो म्हणावं तसे.

पण पुढचा रस्ता रुंद व्हायचा होता, आणि तो झाला की भाव दुप्पट होणार होता. विकणं नुकसानीचं आणि ठेवणं धोक्याचं. शेवटी सल्लागारानेच तोड काढली. घर आईंच्या नावावर करा, सर. नंतर विकता येईल. हे गेले तेव्हा मीच माझा हिस्सा सोडून सगळं घर पोराच्या नावावर केलं होतं. आता पोराने बक्षीसपत्र करून आईला आईचंच घर बक्षीस दिलं. नोंदणी कचेरीतला कारकून माझा अंगठा यंत्रावर दाबत म्हणाला, "नशीबवान आहात, मावशी. असा मुलगा लाखात एक." मी म्हटलं, "देवाची कृपा, लाखात एकच आहे."

"आणि आई?" सूनबाईंनी सल्लागाराला विचारलं.

"काकूंना बरोबर न्यायचंच, मॅडम. आई मागे राहिली म्हणजे मूळ मागे राहिलं. सरांच्या आयुष्याचं केंद्र तिकडे दिसलं पाहिजे."

नात तिसऱ्याच देशात हॉस्टेलवर शिकत होती. कारखाना तर हलवता येणार नव्हता. तेव्हा केंद्र म्हणून उचलून ठेवता येईल अशी घरात एकच वस्तू होती, ती म्हणजे मी.

मी का गेले? पोरगं म्हातारपणी बरोबर घेऊन जातंय याचा, खरं सांगते, मला आनंद झाला होता. इतकी वर्षं लोकांची पोरं सांभाळली, आता आपलं पोरगं आपल्याला सांभाळणार असं वाटलं. निघायच्या दिवशी चिरंजिवांनी स्टुलावर चढून दारावरची पाटी काढली. दाराच्या लाकडात स्क्रूची चार भोकं राहिली. किल्ली मी समोरच्या टेलरबाईंना दिली. त्या लग्नांचे ब्लाउज शिवतात आणि गल्लीची बित्तंबातमी ठेवतात.

तिकडचं घर फार उंचावर होतं. इतकं, की खाली माणसं चालताहेत की मुंग्या ते कळत नसे. खिडक्या उघडत नव्हत्या. हवा भिंतीतून यायची, गाळलेली आणि गारढोण. करडं कॉफीचं मशीन रोज सकाळी दम्याच्या पेशंटसारखं घुरघुरायचं. घरात धूळ नव्हती, झुरळ नव्हतं, शेजारी नव्हता. लिफ्टमध्ये माणसं दाराकडे तोंड करून उभी राहायची, शिक्षा केल्यासारखी.

सल्लागाराने काय काय करायचं ते सांगून ठेवलंच होतं. आयुष्याचं केंद्र म्हणजे नुसतं बसून चालत नाही, त्याचे पुरावे लागतात. म्हणून मला ग्रंथालयाचं सभासद केलं. तिथली भाषा मला येत नव्हती. दातांच्या डॉक्टरकडे नाव घातलं. माझी कवळी आहे. पोहण्याच्या तलावात ज्येष्ठ महिलांसाठी व्यायाम असतो, त्यात मला घातलं, आणि रबरी टोपी घालून कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माझा फोटो सूनबाईंनी काढला. तो फोटो थेट सल्लागाराकडे गेला. माझ्या वाढदिवसाला केक आणला आणि त्याचेही फोटो काढले. मी म्हटलं, "सुरी तरी फिरवू द्या." तर चिरंजीव म्हणाले, "थांब आई, मागे खिडकीतून शहर दिसलं पाहिजे."

शनिवारी संध्याकाळी क्लब. तिथे सगळी अशीच पळून आलेली मंडळी. कुणी औषधांचा, कुणी फरशीचा, एकजण तर शाळांना बाकं पुरवून गब्बर झालेला. हातात ग्लास, पायात पांढरे बूट, आणि तोंडात एकच विषय: आपला देश किती वाईट. रस्ते वाईट, माणसं वाईट, सरकार चोर. बाकंवाले म्हणाले, "आमच्या कष्टाच्या पैशावर फुकटे पोसले जातात, ताई."

मी विचारलं, "तुमची बाकं कोण विकत घेतं?"

"सरकारी शाळा."

"मग पोसलं कुणाला म्हणायचं?"

सूनबाईंनी मला कोपराने ढोसलं. बाकंवाल्यांनी विषय बदलून आपल्या नव्या बोटीचा विषय काढला. बोट समुद्रात कधी जात नव्हती, कारण त्यांना बोट लागायची. धक्क्याला बांधून तीत बसायचे आणि देशाला शिव्या द्यायचे. अशी ती माणसं. भित्री म्हणावं तर भित्र्यालाही थोडी लाज असते.

यात चिरंजीव कुठे होते? चिरंजीव नव्हतेच. खोकी देशात, मजूर देशात, गिऱ्हाईक देशात. चिरंजीव कारखान्यात जायचे आणि हॉटेलात राहायचे. त्यांच्या फोनमध्ये रात्री मोजणारं एक अॅप होतं. देशात कर लागण्याइतक्या रात्री होत आल्या की ते लाल व्हायचं, आणि मग चिरंजीव तिसऱ्याच कुठल्या तरी देशात जाऊन विमानतळाशेजारच्या खोलीत दिवस काढायचे. स्वतःच्या गावात हॉटेल, परक्या गावात हॉटेल, आणि जिथे घर घेतलं तिथे यायला सवड नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. घरी आले की पाठ धरून सोफ्यावर आडवे व्हायचे. हॉटेलांच्या मऊ गाद्यांनी त्यांची कंबर मोडली होती. मी शेकायची पिशवी करून द्यायची, आणि ते डोळे मिटून म्हणायचे, "बघ आई, काय शांतता आहे इथे!"

एक दिवस दुपारी टेलरबाईंचा फोन आला.

"सिस्टरबाई, घर विकताय होय? आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही!"

"कोण म्हणालं?"

"अहो, दोघं आले होते, टेप घेऊन. बाहेरून सगळं मोजलं. गच्ची पाडून वर काय बांधायचं ते बोलत होते. किल्ली मागितली. मी म्हटलं, बाईंनी सांगितल्याशिवाय ब्रह्मदेवालाही देणार नाही."

मी फोन ठेवला. रस्ता रुंद झाला होता तर. त्या आठवड्यात चिरंजीव आले ते हातात कागद घेऊनच. सकाळी कॉफीच्या कपाशेजारी कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे सरकवला.

"फॉर्मॅलिटी आहे, आई. इथे आणि इथे."

"काय आहे?"

"मुखत्यारपत्र. म्हणजे तुला सारखं तिकडे जायला नको, त्रास नको. तुझ्या वतीने माझा माणूस सगळं करेल."

"सगळं म्हणजे घर विकेल."

त्यांनी कप बाजूला केला. मग आवाज मऊ केला. इंजेक्शनच्या आधी आम्ही पोरांशी बोलायचो, तसा. "अगं, कुलूप लावून काय करायचंय? भिंतींना ओल येईल. आता भाव आहे."

"आणि मी कुठे राहू?"

"म्हणजे? इथे. इथे काय कमी आहे तुला?"

काय कमी होतं ते मी सांगितलं. मी म्हटलं, मला माझ्या घरात मरायचं आहे. ह्यांनी बसवलेला दिवा मालवून झोपायचं आहे, दार उघडलं की समोर ओळखीचं तोंड दिसायला हवं आहे. बाकी मला काही नको. हे मी रडून नाही सांगितलं, पण ओरडूनही नाही सांगितलं.

चिरंजिवांनी कपाळाला हात लावला. "आई, प्लीज. घर नावापुरतं तुझं आहे, तुलाही माहीत आहे."

"नावापुरतं तुझं होतं तेव्हा पाटी लावून मिरवत होतास ना?"

"तू परत गेलीस तर माझं सगळं प्रकरण बिघडेल. आई तिकडे राहते म्हटल्यावर... सल्लागार काय म्हणाला ते आठव. तू केंद्र आहेस."

"मग केंद्राला विचारायचं होतंस."

चिरंजीव उठले आणि दार लावून फोनवर बोलायला गेले, सल्लागाराशीच. पेन टेबलावर तसाच उघडा होता. मी त्याला टोपण लावलं.

मला सूनबाईंबद्दल कधी फारसं बरं बोलता आलं नाही. पण त्या दिवशी भांडी लावता लावता ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही जा. तिकीट मी काढते. यांना तुम्ही पोचल्यावर सांगू." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचं नखं रंगवलेलं बोट डोळ्याच्या कडेला गेलं. म्हणाली, "माझी आईसुद्धा तिकडेच आहे ना." विमानतळावर तिने मला चाकाच्या खुर्चीत बसवायचा घाट घातला. मी म्हटलं, "मी लोकांना खुर्चीतून उठवून चालायला लावलंय. मला बसवू नकोस." चालत गेले.

घर उघडलं तेव्हा आत कोंदट वास होता आणि स्वयंपाकघरात पालींनी संसार थाटला होता. टेलरबाई झाडू घेऊन आल्या, मी फडकं घेतलं. दोन दिवस आम्ही पाण्याच्या बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी मी पाटी करून आणली. माझं नाव, आणि खाली 'सिस्टर'. सुतार नवी भोकं पाडायला निघाला, त्याला म्हटलं, ही चार आहेत ती वापर.

चिरंजीव फोनवर पुष्कळ रागावले. मग अबोला. मग सूनबाईंच्या फोनवर मागून आवाज, "तिला म्हणावं, गोळ्या घेते का?" मी मोठ्याने म्हटलं, "घेते." असं बरेच दिवस चाललं.

आणि मग एकदा थेट त्यांचाच फोन आला. कारखान्यात आले होते. कंबर अगदीच धरली होती, हॉटेलातल्या गादीवर कूस बदलता येत नव्हती. म्हणाले, "आई, आज घरी येतो. वरच्या खोलीत झोपतो. आपल्या गादीवर बरं वाटेल."

घरी येतो म्हणाले. मी तो शब्द परत परत मनात घोळवला. इतका वेळ या माणसाची टवाळी केली ना मी? करायलाच हवी. पण त्या सकाळी मी त्याची कापसाची गादी स्वतः गच्चीवर ओढत नेली आणि उन्हात घातली. टेलरबाई खालून ओरडल्या, "अहो, तुमची कंबर जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे." चादर काढली, उशीचा अभ्रा बदलला, शेकायची पिशवी पलंगावर ठेवली. त्याला कावीळ झाली तेव्हाही मी इतकी धावपळ केली नव्हती. तेव्हा वॉर्डात दुसरीही पोरं होती.

संध्याकाळी टॅक्सी आली. चिरंजीव चाकांची बॅग ओढत दारापर्यंत आले आणि पाटी बघून थबकले. आत येऊन खुर्चीत हळूहळू टेकले. खूप खराब झाला होता. मी चहा केला, त्याच्या आवडीचा, भरपूर आल्याचा. त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला. तेवढा एक घोट तो माझा मुलगा होता.

मग कप ठेवला आणि बॅगेतून कागद काढला.

"आई, एक छोटं काम आहे. हे शेवटचं. घर विकायचं नाही काही, घाबरू नकोस."

"काय आहे?"

"तू इथे आलीस ना, त्यामुळे जरा प्रश्न आलाय. खातं विचारतंय. म्हणून सल्लागाराने हे लिहून दिलंय. तू फक्त सांगायचं, की घर तुझं आहे, मी इथे राहत नाही, आणि या घरात मला राहायला जागा नाही. बस." आणि त्याच दमात, जिन्याकडे बघत, "वर गादी घातली असशील ना?"

त्याच दमात, बरं का. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. तो खोटं बोलत होता असंही म्हणवत नाही मला. त्याला यात वावगं काही दिसतच नव्हतं. इतकी वर्षं कागद एकीकडे आणि जगणं दुसरीकडे असं चालवलं, की पुठ्ठ्याच्या खोक्यावर काय छापलंय आणि आत काय आहे याचा संबंध राहिला नाही म्हणा ना.

मी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. "सदर घरात माझ्या मुलास वास्तव्यासाठी कोणतीही जागा उपलब्ध नाही." वाचून सही केली. आखून दिलेल्या रेघेवर, स्वच्छ. चिरंजिवांचा चेहरा खुलला.

"थँक्यू, आई. मला वाटलं होतं, तू—"

"थांब. आता ऐक." मी कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. "यात लिहिलंय ते खरं असेल, तर हा घे आणि हॉटेलात जा. खोटं असेल, तर फाड आणि वर जाऊन झोप. गादी उन्हात घातली होती. दोन्ही मिळणार नाही."

तो हसला. "आई, नाटक नको. कागद वेगळा, घर वेगळं."

"माझ्याकडे वेगळं नसतं. माझ्या वॉर्डात केसपेपरवर एक आणि खाटेवर भलतंच असं कधी चाललं नाही."

"एका रात्रीचा प्रश्न आहे गं! कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना."

"माझी पाठ..." म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच फुटला. एवढा थोरला पुरुष. उठला, कंबरेवर हात ठेवून जिन्यापाशी गेला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. वरून उन्हात तापलेल्या कापसाचा वास येत होता, तो त्यालाही आला असणार. मी मनात म्हणत होते, चढ. बाबा, चढ. एक कागद आहे रे, फाड. कर भरून कुणी मेलेलं मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नाही.

तो वळला. टेबलापाशी आला. सहीची शाई वाळली का ते बोटाने बघितलं. बॅगेतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि घडी पडू नये म्हणून कागद दोन्ही कडांना धरून आत सरकवला. नुकत्याच जन्मलेल्या पोराला उचलतात ना, अगदी तसं, मानेखाली हात घालून.

"मी उद्या फोन करतो," माझ्याकडे न बघता म्हणाला. "तू शांत झालीस की बोलू." तरी उभाच राहिला, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

लहान असताना शाळा सुटली की तो ड्यूटी-रूममध्ये येऊन बसायचा, माझ्या टेबलाखाली पाय सोडून. संध्याकाळची घंटा त्याने रोज ऐकली होती, आणि घंटेनंतरचं माझं वाक्यही. ते कुणाला म्हणतात आणि कुणाला म्हणत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"भेटीची वेळ संपली," मी म्हटलं.

त्याने एकदम वर बघितलं. मग बॅगेचा दांडा ओढून बाहेर काढला आणि गेला. गल्लीतल्या फरशांवर चाकांचा खडखडाट कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. नंतर मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. पोटचा गोळा आहे. अर्धा चहा कपात तसाच होता. कप विसळून ठेवला.

सकाळी टेलरबाईंना हाक मारली आणि म्हटलं, नर्सिंगच्या मुली खोली शोधत असतात, कुणी विचारलं तर पाठवा. वरची खोली उपलब्ध आहे.